खटला कसा चालतो : सुरतेच्या महाराजांचा दावा आणि अमेरिकेची न्यायपद्धती

सुरत येथील वल्लभ संप्रदायाचे आचार्य जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांनी सन १८६१ च्या मे महिन्यात मुंबईच्या सुप्रीम कोर्टात पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. प्रतिवादी दोघे होते. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मूलजी हे पहिले आणि पत्राचे मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणिना हे दुसरे. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात करसनदासांनी संप्रदायातील महाराजांच्या, व नाव घेऊन जदुनाथजींच्या, आचरणावर गंभीर आरोप केले होते. या लेखामुळे आपली बेअब्रू झाली, असे वादीचे म्हणणे होते. हाच पुढे ‘महाराज अब्रूनुकसानीचा खटला’ म्हणून प्रसिद्धीस आला.

न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग सामान्य नागरिकावर क्वचितच येतो. परंतु तो आला म्हणजे वादपत्र, कैफियत, उलटतपास, हुकूमनामा या शब्दांनी तो गोंधळून जातो. चित्रपटांतून दिसणारी अमेरिकेतील न्यायालये आणि तेथील बारा ज्यूरर यांमुळे या गोंधळात भरच पडते. इंग्लंडच्या न्यायपद्धतीच्या एकाच खोडातून भारताची व अमेरिकेची अशा दोन्ही शाखा फुटल्या आहेत. म्हणून सुरतेच्या या जुन्या दाव्याच्या आधाराने दोहोंची चाल समजावून घेणे सोपे जाईल.

दावा कोठे लावावा?

वादी सुरतेचे, तर पत्र छापले गेले मुंबईत आणि प्रतिवादीही मुंबईचे. त्यामुळे दावा मुंबईत लागला. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे व्यक्तीच्या अब्रूची हानी जेथे झाली तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायालयात दावा लावता येतो, आणि ही निवड वादीची असते. पैशाच्या व्यवहारांनाही जवळजवळ असाच नियम लागू आहे. समजा, नवापूरच्या एखाद्या शेतकऱ्याने सुरतेच्या व्यापाऱ्याला माल विकला आणि व्यापाऱ्याने पैसे थकविले. सुरतेच्या दिवाणी न्यायालयात तर दावा लागेलच. पण सौदा नवापुरात ठरला असेल, किंवा पैसे तेथे पोहोचविण्याचा करार असेल, तर तो महाराष्ट्रातही लागू शकेल. (ज्या नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे, तेथील रहिवाशांना हा प्रश्न नवा नाही.) मात्र न्यायालय कोणतेही असो, ते एकाच साखळीतील असते. तालुका न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय हीच ती साखळी होय. राज्याचा कायदा आणि केंद्राचा कायदा दोन्हींचा अंमल तीच न्यायालये करतात.

अमेरिकेत अशा दोन साखळ्या शेजारी शेजारी चालतात. पन्नास राज्यांची आपापली न्यायालये आहेत आणि त्यांखेरीज संघराज्याची स्वतंत्र न्यायालये आहेत. संघराज्याची प्राथमिक न्यायालये, ज्यांना तेथे जिल्हा न्यायालये म्हणतात, ९४ आहेत. मारामारी, घटस्फोट, वारसा, भाडे असले नित्याचे खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात. परंतु दोन पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे असतील आणि मागणी ७५,००० डॉलरपेक्षा अधिक असेल, तर दावा संघराज्याच्या न्यायालयात नेता येतो. परक्या राज्यातील न्यायालय व ज्यूरी आपल्याच माणसाची बाजू घेतील, ही शंका या नियमाच्या मुळाशी आहे. सुरत आणि मुंबई ही दोन नगरे अमेरिकेत दोन राज्यांत असती, तर जदुनाथजींना हा दरवाजा मोकळा असता.

वादपत्रापासून साक्षीपर्यंत

दाव्याचा आरंभ वादपत्राने होतो. नंतर प्रतिवादीवर समन्स बजावले जाते व तो लेखी कैफियत देतो. कैफियतीत काय कबूल आहे, काय नाकबूल आहे व बचाव कोणता आहे हे स्पष्ट करावे लागते. करसनदासांनी आपण लेख लिहिलाच नाही असे म्हटले नाही. लेखात लिहिले ते सत्य आहे, असा त्यांचा प्रमुख बचाव होता. या एका वाक्याने खटल्याचे स्वरूप पालटले. लेख कोणी छापला हा वादाचा विषय उरला नाही. महाराजांचे आचरण हाच विषय झाला, आणि सत्य सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीने स्वतःच्या डोक्यावर घेतला.

हा भार हलका नव्हता. साक्षीदार आणावयाचे ते त्याच समाजातून. भाटिया समाजाच्या काही पुढाऱ्यांनी सभा भरवून, महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्यास जातीबाहेर टाकावे, असे ठरविले. करसनदासांनी या पुढाऱ्यांवर न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा कट केल्याबद्दल फौजदारी खटला भरला. त्यात नऊ जण दोषी ठरले व त्यांना दंड झाला. मूळ दाव्याइतकीच ही घटना बोधप्रद आहे, कारण साक्षीदार निर्भय नसेल तर कोणतीही न्यायपद्धती पांगळी होते. साक्षीदारास धमकावणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेतही खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. महाराष्ट्राने तर सन २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम करून जातपंचायतीच्या वाळीत टाकण्यालाच गुन्हा ठरविले असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अमेरिकेत वादपत्र व कैफियत यांच्यानंतर एक मोठा टप्पा येतो, जो आपल्याकडे नावापुरताच आढळतो. संघराज्याच्या न्यायालयात समन्स मिळाल्यापासून साधारणतः २१ दिवसांत कैफियत द्यावी लागते. त्यानंतर दोन्ही पक्ष एकमेकांचे पुरावे आधीच उघड करून घेतात. लेखी प्रश्नावल्या पाठविल्या जातात व कागदपत्रे मागविली जातात. साक्षीदारांच्या शपथेवरील जबान्या बहुधा न्यायाधीशाच्या गैरहजेरीत, वकिलाच्या कार्यालयातच नोंदविल्या जातात. एका पक्षाला सामान्यतः दहा जबान्या घेता येतात व प्रत्येक जबानी एका दिवसात सात तासांच्या आत उरकावी लागते. आपल्या दिवाणी संहितेतही प्रश्नावली व दस्तऐवज उघड करण्याची तरतूद आहे, पण तिचा उपयोग फारसा होत नाही. अमेरिकन पद्धतीचा गुण असा की, सुनावणीच्या दिवशी कोणी अचंब्यात पडत नाही. आणि प्रतिपक्षाचे बळ आधी कळल्यामुळे बहुसंख्य दावे सुनावणीपूर्वीच तडजोडीने मिटतात. तिचा दोष खर्चाचा आहे. हा टप्पा इतका महाग पडतो की, गरीब पक्ष सत्य बाजूने असूनही थकून माघार घेऊ शकतो.

उलटतपास

महाराज दाव्याची सुनावणी जानेवारी १८६२ च्या अखेरीस सुरू झाली व मार्चच्या आरंभी संपली. मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड हे न्यायासनावर होते. प्रत्येक बाजूने तीसहून अधिक साक्षीदार तपासले. महाराजांना न्यायालयात बोलावलेच जाऊ नये, यासाठी सन १८५९ मध्ये अनुयायांकडून एक लेख सह्या करून घेतला गेला होता व करसनदासांनी त्याला ‘गुलामीखत’ असे नाव दिले होते. आता स्वतः दावा लावल्यामुळे जदुनाथजींना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. साक्षीदाराला प्रथम त्याच्याच पक्षाचा वकील प्रश्न विचारतो, ही सरतपासणी. नंतर प्रतिपक्षाचा वकील त्याला कसाला लावतो, हा उलटतपास. प्रतिवादीचे बॅरिस्टर ॲन्स्टे यांचा उलटतपास त्या काळी मुंबईत मोठा चर्चेचा विषय झाला होता.

प्रतिवादीच्या बाजूने आलेल्या साक्षीदारांत मराठी वाचकांना परिचित असे एक नाव आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. त्यांनी काही महाराजांवर केलेल्या औषधोपचारांविषयी साक्ष दिली. डॉ. जॉन विल्सन यांनी संप्रदायाच्या ग्रंथांविषयी सांगितले. वैद्याने रोग्याचे गुपित न्यायालयात सांगावे काय, हा प्रश्न येथे सहज उद्भवतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या कायद्यांनी डॉक्टर व रोगी यांच्यातील बोलण्याला संरक्षण दिले आहे. भारताच्या पुरावा कायद्यात वकील व अशील यांच्यातील, तसेच पती-पत्नींमधील बोलणे संरक्षित आहे, डॉक्टरचे नाही.

ज्यूरी

महाराज दाव्यात न्यायनिर्णय न्यायाधीशांनी केला. अमेरिकेत असाच दावा असता तर वस्तुस्थितीचा निर्णय बहुधा ज्यूरीने केला असता. सन १७९१ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संघराज्याच्या न्यायालयांतील दिवाणी दाव्यांत ज्यूरीचा हक्क राखून ठेवला असून, त्यासाठी मागणीची मर्यादा वीस डॉलर एवढीच लिहिली आहे! मतदारयादी इत्यादींमधून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नागरिक बोलावले जातात. त्यांना प्रश्न विचारून पूर्वग्रह असणाऱ्यांना वगळले जाते. शिवाय दिवाणी दाव्यात प्रत्येक बाजूला कारण न देता तिघांना नाकारता येते. संघराज्याच्या दिवाणी दाव्यात ज्यूरर किमान सहा व कमाल बारा असतात. कायदा काय आहे ते न्यायाधीश सांगतो. काय घडले ते ज्यूरी ठरविते. गंभीर फौजदारी खटल्यात ज्यूरीचे एकमत लागते, आणि हा नियम सर्व राज्यांना बंधनकारक असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सन २०२० मध्ये ठरविले.

भारतातही फौजदारी खटल्यांत ज्यूरी होती. सन १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले, तेव्हा सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे शिक्षा झाली. सन १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. तिचा एक लहानसा अवशेष मात्र पारशी विवाह कायद्यात अद्याप दिसतो. त्या समाजाच्या घटस्फोटाच्या दाव्यांत समाजातीलच प्रतिनिधी न्यायालयासोबत बसतात.

निकाल आणि खर्च

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. दोन्ही न्यायाधीशांची कारणे सर्वस्वी सारखी नव्हती. परंतु लेखातील मुख्य आरोपांचे सत्य सिद्ध झाले, यावर त्यांचे एकमत होते. करसनदासांना ११,५०० रुपये खर्च मिळाला. त्यांचा प्रत्यक्ष खर्च सुमारे १३,००० रुपये झाला होता. म्हणजे जिंकूनही दीड हजार पदरचे गेले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे काम सुरू झाले व सॉस त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले.

अमेरिकेत करसनदासांना ही रक्कम मिळाली नसती. तेथे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी द्यावी असा सामान्य नियम नाही. ज्याने त्याने आपापली फी सोसावी असा आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र तेथील कायदा त्यांना अधिक अनुकूल ठरला असता. अलाबामातील एका पोलीस आयुक्ताने ‘न्यूयॉर्क टाइम्स’विरुद्ध लावलेल्या दाव्यात ज्यूरीने पाच लाख डॉलर मंजूर केले होते. सन १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मजकूर खोटा असल्याचे माहीत असून, किंवा खरेखोटेपणाची पर्वा न करता तो छापला, हे सिद्ध केल्याखेरीज सरकारी अधिकाऱ्याला भरपाई मिळणार नाही, असे ठरले. हा नियम पुढे सार्वजनिक जीवनातील इतर व्यक्तींनाही लागू झाला. अशा व्यक्तीबाबत सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवरून वादीवर गेला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सन १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सरकारी अधिकाऱ्यांच्या शासकीय कामासंबंधी बऱ्याच अंशी हाच विचार स्वीकारला. फौजदारी अब्रूनुकसानीत मात्र केवळ सत्य पुरेसे नसते, ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते.

दाव्याच्या खर्चाची धास्ती असणाऱ्यांसाठी सन १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकिलाची सोय आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना ती मिळते, व ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांनाही मिळते. दोन्ही पक्ष राजी असतील तर वाद लोकअदालतीत नेता येतो. तेथे न्यायालय शुल्क लागत नाही, आधी भरलेले शुल्क परत मिळते आणि तेथील निवाड्यावर अपील होत नाही. गुजरातेतच जुनागढ जिल्ह्यात सन १९८२ मध्ये अशी एक आरंभीची लोकअदालत भरली होती. यासाठीचा अर्ज तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर करता येतो.