फायली पाठवताना: नव्या मुलांसाठी कानमंत्र

पोरांनो, लिनक्सवर काम करायचं म्हणजे फायली इकडून तिकडे न्याव्याच लागणार. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कमांड संपली म्हणजे काम झालं असं नाही. पलीकडे फाईल जशीच्या तशी उतरली, याची खात्री केल्यावरच हातावेगळं झालं म्हणा.

साध्या एफटीपीच्या वाटेला जाऊ नका. त्याचा पहिला मसुदा अभय भूषण या भारतीय इंजिनिअरने 1971 मध्ये लिहिला, तेव्हा नेटवर्कवर मोजक्याच संस्था होत्या. त्यात पासवर्ड उघडाच जातो. आज एसएसएचवरून चालणारी साधनंच वापरा.

एखाददुसरी फाईल असेल तर एससीपी पुरे. पोर्ट वेगळा असेल तर एसएसएचला डॅश स्मॉल पी लागतो, एससीपीला कॅपिटल. तिथे स्मॉल दिलात, तर पोर्टचा आकडा फाईलचं नाव समजून ती शोधली जाते आणि ‘अशी फाईल नाही’ म्हणून एरर येतो.

अख्खा फोल्डर न्यायचा असेल तर आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये ते आणलं. पलीकडे जुनी प्रत असेल तर फक्त बदललेला भाग जातो. डॅश कॅपिटल पी द्या. लाइन तुटली तरी अर्धी उतरलेली फाईल राहते आणि पुढच्या वेळी कामी येते. फोटो-व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेले असतात; त्यांना डॅश झेड लावून प्रोसेसर दमवू नका.

स्लॅशकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘फोटो’ लिहिलंत तर पलीकडे फोटो नावाचा फोल्डर तयार होतो. ‘फोटो/’ लिहिलंत तर फक्त आतल्या फायली जातात. सोबत डिलीटचा पर्याय असेल आणि स्लॅश चुकला, तर पलीकडचं नको ते पुसलं जाईल. म्हणून आधी डॅश एन आणि डॅश व्ही लावून नुसती तालीम करा. काय जाणार, काय पुसलं जाणार, ती यादी शेवटपर्यंत वाचा.

सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरकडे मोठा डेटा जायचा असेल तर आधी टीमक्स उघडा. तुमचं कनेक्शन गेलं तरी काम चालू राहतं.

शेवटी शा-256-समने मूळ फायलींची यादी काढा, ती पलीकडे न्या आणि डॅश सी लावून तपासा. प्रत्येक नावापुढे ओके आल्याशिवाय मूळ प्रतीला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.