चूक संघाची, शिक्षा चालकाला?

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत चालकाने मुद्दाम अडवलं नसलं, तरी शिक्षा का होते?
– एक वाचक, रामनगर (ता. जोयडा)

उत्तर : कारण मागच्याची फेरी वाया जाते, हेतू काहीही असो. २०२३ साली मोनाकोत शार्ल लक्लेर बोगद्यात संथ चालला होता आणि मागून लँडो नॉरिस भरधाव आला. तिथे वाट काढणं म्हणजे अनमोड घाटाच्या वळणावर ट्रकला ओलांडणं! फेरारीने रेडिओवरून वेळेत सावध केलं नव्हतं. तरीही लक्लेर तिसऱ्यावरून सहाव्या स्थानी गेला. तीन स्थानं मागे, ही रूढ शिक्षा. मला ती रास्तच वाटते. चालकाला सूट मिळाली, तर मागच्या गाड्यांवर नजर ठेवायची तसदी संघ घेतील कशाला?

हेतू मात्र अगदीच दुर्लक्षित नाही. २००६ मध्ये मोनाकोतच शूमाकरने रास्कास वळणावर गाडी उभी केली. पंचांना ते जाणूनबुजून केलेलं वाटलं आणि पहिल्या स्थानावरून त्याची थेट शेवटी रवानगी झाली.

उलट, २०२४ मध्ये कतारला वर्स्टापेनने रसेलला अडवलं, तेव्हा दोघेही संथ फेरीवर होते. म्हणून शिक्षा एकाच स्थानाची झाली. पण तेवढ्यानेही शर्यतीच्या सुरुवातीचं पहिलं स्थान वर्स्टापेनकडून रसेलकडे गेलं.