धोरण आणि उद्योग यांच्यामधला दुवा

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. ऊर्जा कंपन्यांच्या वतीने सरकारकडे बाजू मांडण्याच्या कामात करिअर होईल का? त्यासाठी ओळखी लागतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की होईल. ओळखींपेक्षा अभ्यास अधिक काळ साथ देतो. अमेरिकेत असं काम करणाऱ्यांना, म्हणजे लॉबिस्टना, 1995 च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून इथे स्वतःची मर्यादा स्वतःच पाळावी लागते.

सुरुवात वीज कायदा 2003 आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना वाचून करा. मग महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढची एखादी दरवाढीची याचिका उघडा. वीजखरेदीच्या खर्चाचा तक्ता ओळीओळीने तपासा आणि दोन पानी हरकत लिहून मुदतीत दाखल करा. जनसुनावणीला जाऊन ग्राहक, कारखानदार, शेतकरी कसे बोलतात तेही ऐका. हेच तुमचं खरं प्रशिक्षण.

नोकरी कंपन्यांच्या नियामक विभागांत, उद्योग संघटनांत किंवा पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटांत शोधा. आणि अधिकाऱ्यापुढे अर्धवट आकडा कधीही ठेवू नका. एकदा गेलेला विश्वास परत मिळत नाही.