ठिपका की पट्टी? वेबवरच्या टाइमलाइनमध्ये घटनांचे प्रकार कसे दाखवावेत

टेक्निकल प्रदर्शनासाठी आम्ही भारतीय अवकाश मोहिमांची एक टाइमलाइन वेब पेजवर तयार केली होती. एक आडवी रेघ आणि तिच्यावर तारखांप्रमाणे गोल ठिपके. यश म्हणजे हिरवा ठिपका, अपयश म्हणजे लाल. स्क्रीनवर झकास दिसत होती. मग तिची प्रिंट काढून झेरॉक्स होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावली. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एकाने विचारलं, "अरे, यातली फेल झालेली मोहीम कुठली?" झेरॉक्समध्ये सगळेच ठिपके करडे! त्यात रूमवरचा एक मित्र म्हणाला, "मला तर स्क्रीनवरही सारखेच दिसत होते." त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

लाल-हिरवा रंगांधळेपणा बहुधा आनुवंशिक असतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच जास्त आढळतो. म्हणूनच वेब सर्वांना वापरता यावं यासाठी डब्ल्यूथ्रीसीने केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलंय की कुठलीही माहिती फक्त रंगातून देऊ नका. मग दुसरं काय वापरायचं? टाइमलाइन पुन्हा करताना आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारले.

१) क्षण की कालावधी?

उड्डाण हा क्षण आहे, तर मोहिमेचं काम हा कालावधी. क्षणाला चिन्ह द्यावं आणि कालावधीला पट्टी. ही कल्पना नवी नाही. ऑक्सिजनवरच्या संशोधनामुळे आपल्याला माहीत असलेल्या जोसेफ प्रीस्टलीने १७६५ मध्ये थोर व्यक्तींच्या आयुष्यांचा तक्ता छापला. त्यात प्रत्येक आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ होती. जन्म-मृत्यूची तारीख अनिश्चित असेल तिथे त्याने रेघेऐवजी टिंबं दिली. २००६ मध्ये एमआयटीमधून आलेल्या सिमिली टाइमलाइन या जावास्क्रिप्टच्या साधनातही हाच भेद होता: क्षणाला ठिपका, कालावधीला पट्टी.

२) प्रकार कोणता?

यासाठी आकार वापरा. आम्ही उड्डाणाला त्रिकोण दिला, चंद्रावर उतरण्याच्या प्रयत्नाला चौकोन आणि कक्षेत प्रवेशाला वर्तुळ. आकार तीन-चारच ठेवा. दहा प्रकारांना दहा आकार दिलेत, तर वाचणारा दर वेळी सूचीकडे बघत बसेल. प्रत्येक मोहिमेला वेगळी ओळ दिली की गर्दीही कमी होते.

३) निकाल काय?

आमची खरी चूक इथे होती. रंगाऐवजी आम्ही एकच नियम केला: जे घडलं ते भरीव, जे नुसतं ठरलं होतं ते पोकळ. यशस्वी उड्डाण म्हणजे भरीव त्रिकोण, फसलेलं म्हणजे पोकळ त्रिकोणावर फुली आणि अंशतः यशस्वी म्हणजे अर्धा भरलेला. या तिसऱ्या प्रकाराची गरज लगेच पटली. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ ला झालं, पण उपग्रह कक्षेत पोहोचला नाही. इस्रो त्याला अंशतः यशस्वी म्हणते. १८ जुलै १९८० च्या उड्डाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. दोन्ही उड्डाणांना एकच ठिपका दिला, तर मधल्या अकरा महिन्यांची मेहनत दिसणार कशी?

हाच नियम पट्ट्यांनाही लावला आणि मग खरी मजा आली. चांद्रयान-१ चं उड्डाण २२ ऑक्टोबर २००८ ला झालं. मोहीम दोन वर्षांची ठरली होती, पण २९ ऑगस्ट २००९ ला संपर्क तुटला. म्हणजे लांब पोकळ पट्टी आणि तिच्यात निम्म्यापेक्षा कमी भरलेला भाग. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं ते सहा महिन्यांच्या कामासाठी, आणि संपर्क तुटला २०२२ मध्ये! इथे भरीव पट्टी पोकळ चौकटीच्या पार पुढे गेली. चांद्रयान-२ ला मात्र एक चिन्ह पुरेना. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्रावर आदळला, पण ऑर्बिटर काम करत राहिलं. त्यामुळे एका मोहिमेखाली दोन ओळी केल्या: लँडरच्या ओळीत फुली मारलेला चौकोन, ऑर्बिटरच्या ओळीत भरीव पट्टी. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा भरीव चौकोन! वरची फुली दाखवली, म्हणूनच खालच्या चौकोनाला वजन आलं.

आता थोडं कोडिंगबद्दल. आमच्या जुन्या फाइलमध्ये प्रत्येक घटनेपुढे थेट रंगाचं नाव लिहिलेलं होतं. नियम बदलायचा म्हणजे सगळ्या नोंदी हाताने बदलायच्या! तसं करू नका. डेटामध्ये फक्त अर्थ लिहा: सुरुवात, शेवट, प्रकार, निकाल. त्यावरून घटनेला सीएसएसचा क्लास द्या आणि रंग-आकार एकाच स्टाइलशीटमध्ये ठेवा. सूचीतली चिन्हंही त्याच क्लासमधून काढा, म्हणजे सूची आणि चित्र यांत कधी तफावत पडणार नाही. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक चिन्हामागे "उड्डाण, अंशतः यशस्वी" असे शब्दही द्यायला विसरू नका.

रंग आम्ही काढून टाकले नाहीत बरं का! हिरवा-लाल बदलून निळा-नारिंगी केला, पण तो आता फक्त मदतीला आहे. सगळा भार त्याच्यावर नाही.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये टाइमलाइन असेल, तर सबमिशनआधी एक रुपयाची परीक्षा घ्या. तिची काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. त्याने न विचारता "इथे हे फसलं, इथे हे जमलं" असं बोट ठेवून सांगितलं, की समजा टाइमलाइन पास!