एदोच्या रोपवाटिकांत

आजच्या टोकियो शहराचे जुने नाव एदो. १८६० साली, हिवाळ्याच्या तोंडावर, रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश माळी या नगरीत आला. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणण्याच्या कामी ज्याने मोठा वाटा उचलला, तोच हा फॉर्च्यून. परदेशांतील शोभिवंत झाडे हुडकून ती इंग्लंडला धाडणे हा त्याचा व्यवसाय होता.

नगराच्या कडेला सोमेई नावाचे गाव होते. गाव कसले, रोपवाटिकांची ती एक अखंड रांगच! मैलाहून लांब असा सरळ रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंस विक्रीसाठी वाढविलेली असंख्य झाडे. इतकी झाडे एके ठिकाणी त्याने जगात कोठेही पाहिली नव्हती. (आज जपानभर बहरणाऱ्या 'सोमेई योशिनो' या चेरीच्या नावात हे गाव अजून नांदत आहे.) त्याची दृष्टी विशेष खिळली ती चित्रविचित्र पानांवर. कोठे पिवळे ठिपके, कोठे पांढरी किनार, कोठे सोनेरी पट्टे! चीड वृक्षाच्या सुईसारख्या पानांतही जपानी माळ्यांनी हा रंगांचा खेळ साधला होता.

परंतु फॉर्च्यूनला एक निराळीच ओढ लागलेली होती. जपानातील ऑकुबा नावाचे झुडूप १७८३ सालीच इंग्लंडमध्ये पोहोचले होते. लंडनच्या धुरातही त्याची ठिपकेदार पाने टवटवीत राहत. फळ मात्र त्याला कधीच धरत नसे. याचे कारण आपल्या पपईवरून ध्यानात येईल. पपईची नर आणि मादी झाडे बहुधा निरनिराळी असतात. ऑकुबाचेही तसेच आहे. इंग्लंडला गेलेले रोप होते मादीचे. त्याच्याच फांद्या लावून वाढविलेली सारी झुडपेही मादीच! इकडे जपानात मात्र त्यावर लालबुंद फळांचे घोस लटकत.

नराचे रोप फॉर्च्यूनला अखेर योकोहामा येथील एका बागेत गवसले. आता प्रश्न होता तो प्रवासाचा. महिनोन् महिने जहाजावर खारे वारे सोसणारी रोपे वाटेतच मरून जात. म्हणून ते रोप काचेच्या बंद पेटीत मातीसह ठेवण्यात आले. अशा पेटीतील ओलावा वाफ होऊन काचेवर जमतो आणि थेंबाथेंबाने पुन्हा मातीत उतरतो. पाणी घालण्याची गरज क्वचितच पडते. रोप सुखरूप पोहोचले. त्यानंतर काही वर्षांतच, सुमारे ऐंशी वर्षे वांझ राहिलेली ऑकुबाची झुडपे इंग्लंडमध्ये लाल फळांनी लगडली.