मागून बसणाऱ्या गाडीसाठी कानमंत्र

पोरा, आपल्या वर्ध्याकडची मोठी गाडी रिकामी धावतच नाही. लग्नसराईत सात माणसं आणि टपावर बॅगा, पेरणीच्या तोंडावर बियाणं नि खताची पोती. मग गाडी मागून बसते आणि कुणीतरी सांगतं, मागच्या स्प्रिंगमध्ये हवेने फुगणारी एअर बॅग टाकून घे. टाक, वस्तू चांगली आहे. पण आधी एवढं ऐक.

आधी मोज, मग खर्च कर. पेट्रोल पंपावरच्या सपाट जागेत गाडी उभी कर. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोज. दोन्ही बाजूंनी, एकदा रिकामी नि एकदा भरलेली. आकडे वहीत लिहून ठेव. रिकामी गाडीसुद्धा बसलेली असेल तर स्प्रिंगच थकली आहे, ती जोडीने बदल. एकच बाजू खाली असेल तर स्प्रिंग तुटली का ते बघ. शॉकअपमधून तेल गळत असेल तर तोही आधी बदल. एअर बॅग उंची सांभाळते, उसळ्या आवरणं शॉकअपचंच काम.

गाडी पाहून माल घे. बोलेरोला मागे कमानपाटे आहेत. बोलेरो निओ, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांना कॉइल. कॉइलच्या पोटात बसणारी बॅग पाट्यांना चालत नाही. त्यांची वेगळी येते, ती पाटे आणि चासीच्या मधे बसते. ज्या गाडीत शॉकअप कॉइलच्या आतूनच जातो, तिथे पोटातली बॅग बसतच नाही.

बसवताना मिस्त्रीजवळ उभा राहा. नुसत्या जॅकवर काम करू देऊ नकोस, चासीखाली घोड्या लावायला सांग. चाक खाली लोंबलं की कॉइल मोकळी होते. हवा काढून दुमडलेली बॅग मग आत सरकते. कॉइलच्या मधे बफर रबर असेल तर बॅगेसोबतच्या कागदात सांगितलं असेल तसंच ते काढ किंवा काप. हवेची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभर दूर ने, धारदार पत्र्याला घासू देऊ नकोस. दोन्ही बॅगांना वेगवेगळे व्हॉल्व्ह ठेव. एकच नळी दोघींना जोडली तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी जास्त कलते. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लाव. बुडबुडा आला की जोड पुन्हा कर.

हवा मापात भर. कॉइलमधल्या बॅगेत साधारण रिकाम्या गाडीत किमान 5 आणि भरलेल्या गाडीत जास्तीत जास्त 35 पीएसआय दाब चालतो. तुझ्या बॅगेवर छापलेला आकडा शेवटचा. बॅग लहान असते, कॉम्प्रेसरने क्षणात हद्द ओलांडते, म्हणून सायकलच्या पंपाने भर. वहीतली रिकाम्या गाडीची उंची परत आली की थांब. माल उतरला की हवाही किमान दाबापर्यंत उतरव. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, त्यांना लाटा पडतात. बॅग टणक असली तर अशा रस्त्यावर मागची चाकं उडतात, पकड सुटते.

वजनाचा हिशेब कधी विसरू नकोस. बॅगेने गाडी वर येते, पण तिची वजन पेलण्याची हद्द तीच राहते. ॲक्सल, ब्रेक, टायर होते तेच आहेत. युरियाचं पोतं 45 किलोचं. चार पोती 180 किलो, आणि सरासरी 65 किलोची सात माणसं म्हणजे आणखी 455. बेरीज 635. कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन बघ, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. जे उरतं त्यातच माणसं आणि माल. जड सामान मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेव, टपावर हलकंच.

ब्रेक आणि दिवे तपास. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. उंची बदलली की त्याचं माप चुकू शकतं, म्हणून ते मिस्त्रीकडून बघून घे. मागून बसलेल्या गाडीचे दिवे वर बघतात आणि आर्वी–तळेगाव रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येतात. उंची जुळली की दिव्यांचा झोतही जुळवून घे.

समृद्धी महामार्गावर चढण्याआधी टायर बघ. येळाकेळीवरून महामार्गाला लागलास की कारला ताशी 120 किमीपर्यंत वेगाची मुभा आहे. त्या वेगात, मेच्या उन्हात, भार टायरच सोसतात. दाराच्या खांबावरच्या पट्टीत भरलेल्या गाडीसाठी दिलेला दाब सकाळी थंड टायरमध्ये भर.

बॅग बसवण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला वॉरंटीविषयी आणि विमा कंपनीला बदलाविषयी लेखी विचार. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी दाब बघ, एका बाजूचा घसरत असेल तर जोड ढिला आहे. आणि हद्दीपेक्षा जास्त सामान निघालं तर एका खेपेचा हट्ट धरू नकोस. दोन खेपा कर. डिझेल थोडं जास्त लागेल, पण गाडीतली सगळी माणसं घरी येतील.