हातमोजा किती मिनिटांचा?

ग्लोव्हज घातले की आपण निर्धास्त होतो. पण कुठल्या रबराचे, हे व्हायवालासुद्धा कोणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरेन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. विषारी धातू हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय, म्हणजे अज्ञानाचा प्रश्नच नाही. १४ ऑगस्ट १९९६ रोजी फ्यूम हूडमध्ये काम करताना पिपेटमधून डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्स ग्लोव्हवर पडले. त्यांनी काम आवरलं, ग्लोव्हज काढले. पुढे काही महिने सगळं ठीक! जानेवारी १९९७ मध्ये मात्र तोल जायला लागला, बोलणं अडखळू लागलं. रक्तातला पारा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी पट निघाला. ८ जून १९९७ ला त्या गेल्या. वय फक्त ४८.

नंतर चाचण्या झाल्या. लॅटेक्समधून हे द्रव १५ सेकंदांच्या आत आरपार जातं, असं दिसलं. त्यासाठी भोक लागतच नाही. रेणू रबरात विरघळतात, सरकत सरकत आतल्या बाजूने बाहेर पडतात. याला पर्मिएशन म्हणतात. मी पडले कॉन्व्हेंटवाली, म्हणून मराठी शब्द आजीला विचारला. ती म्हणाली, "अगं, झिरपणं!" मास ट्रान्सफरमध्ये आपण रटतो तो फिकचा नियम तो हाच. त्याच्या हिशेबाने जाडी दुप्पट केली की आरपार यायला साधारण चौपट वेळ लागतो. पण रबरच चुकीचं असेल तर जाडी तरी किती वाढवणार?

आता आपले निळे नायट्राइल घ्या. तेल, पेट्रोलला उत्तम. अॅसिटोन मात्र त्यातून काही मिनिटांत पार होतं. तिथे ब्युटाइल रबर हवं, आणि तेच ब्युटाइल पेट्रोलमध्ये फुगतं! सर्वगुणसंपन्न ग्लोव्ह बाजारात नाही (स्थळासारखंच). कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक रसायनासमोर मिनिटं दिलेली असतात, ती बघूनच ग्लोव्हज निवडायचे.

हायड्रोफ्लोरिक अॅसिडची तऱ्हा आणखी वेगळी. ते काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत येतं. पातळ असेल तर कातडीवर पडल्यावर लगेच दुखतही नाही, कधीकधी कित्येक तासांनी कळ येते. तोवर फ्लोराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून दुखण्याची वाट न बघता लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. हे जेल कपाटात आहे ना, आणि त्यावरची तारीख उलटली नाही ना, हे बाटली उघडायच्या आधी लॅब असिस्टंटना विचारा.